चिलखती जहाजाचे नाव चित्राखाली लिहिण्याआधी

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतील यादवी युद्धावरच्या लेखासोबत एका चिलखती जहाजाचे चित्र छापले आहे. खाली ओळ आहे : 'मेरिमॅक, १८६२ – दुर्मीळ छायाचित्र'. लेख वाचनीय आहे, पण ही ओळ चुकली आहे. ती का चुकली हे त्या चित्राकडे नीट पाहिले तरी कळते, म्हणून हे पत्र.

मेरिमॅक ही १८५५ साली पाण्यात उतरलेली अमेरिकी नौदलाची वाफेवर चालणारी लाकडी फ्रिगेट जातीची युद्धनौका. एप्रिल १८६१ मध्ये नॉरफोकची गोदी सोडताना उत्तरेच्या सैन्याने ती पेटवून बुडवली. दक्षिणेच्या नौदलाने तिचा सांगाडा वर काढला, जळका भाग छाटून टाकला आणि त्यावर तिरक्या भिंतींचा लांबट कोठा उभा केला. भिंत सुमारे २४ इंच लाकडाची आणि तिच्यावर दोन इंची लोखंडी प्लेटचे दोन थर. असल्या कोठ्याला केसमेट म्हणतात. जहाजाचे नाव ठेवले व्हर्जिनिया. ८ आणि ९ मार्च १८६२ ला हॅम्पटन रोड्सची लढाई झाली आणि ११ मे रोजी तिच्याच खलाशांनी तिला आग लावली. व्हर्जिनियाचे एकही छायाचित्र आज ज्ञात नाही. जे काही आहे ते रेखाटने, कोरीव ठसे आणि नंतर काढलेली रंगचित्रे. तेव्हा 'मेरिमॅक' आणि 'छायाचित्र' हे दोन शब्द एका ओळीत दिसले की ती ओळ चित्र न पाहताच खोडायला हरकत नाही.

आता चित्र पाहू. केसमेटच्या पुढे आणि मागे डेकचा लांब भाग पाण्याच्या वर आहे, त्यावर माणसे उभी आहेत, कठडा आहे. व्हर्जिनियाची दोन्ही टोके लढाईच्या वेळी पाण्याखाली असत आणि वर फक्त केसमेट दिसे. शिवाय तिच्या केसमेटची टोके गोलाकार होती. चित्रात समोरची भिंत सपाट आहे. ध्वज उत्तरेचा, तारे आणि पट्टे. एक धुरांडे, पुढच्या अंगाला कोठ्याच्या छपरावर सुकाणूधारकाची बुटकी लोखंडी खोली, आणि मागे शांत नदी. ही अटलांटा आहे. मुळात फिंगल नावाचे, नाकेबंदी चुकवून माल आणणारे जहाज. त्याचे चिलखती जहाज केले गेले, १७ जून १८६३ रोजी वॉसॉ साउंडमध्ये वीहॉकन या उत्तरेच्या मॉनिटरने (बसक्या, फिरत्या बुरुजात तोफा असलेल्या जहाजाने) त्याला शरण आणले, आणि पुढे उत्तरेच्या नौदलात ते जेम्स नदीवर असताना त्याची छायाचित्रे निघाली. मेरिमॅकच्या नावाखाली सर्वाधिक खपणाऱ्या चित्रांमध्ये त्यांचा नंबर बराच वर आहे.

अशा चुका एकाच कारणाने होतात : नाव आधी ठरते आणि चित्र मागाहून त्यात बसवले जाते. उलट क्रमाने गेले तर निम्म्या चुका टळतात. आधी हे चित्र कशा प्रकारचे आहे, मग जहाजाचे न बदलणारे भाग, मग बदलणारे भाग, मग काळाची चौकट, आणि नाव सगळ्यात शेवटी.

पहिली पायरी सोपी वाटते पण तिथेच बरेच जण घसरतात. १८८० च्या आधी वर्तमानपत्रात छायाचित्र जसेच्या तसे छापायची सोय जवळपास नव्हती. त्या काळच्या साप्ताहिकांमधली जहाजे म्हणजे बॉक्सवुडच्या ठोकळ्यावर कोरलेली चित्रे. मोठे चित्र असेल तर अनेक लहान ठोकळे मागून बोल्टने एकत्र आवळलेले असत, आणि घाईच्या वेळी ते वेगवेगळ्या कारागिरांना वाटून दिले जात. भिंगातून पाहिले तर सांध्यांच्या जागी केसासारखी पांढरी उभी-आडवी रेघ सापडते. ती सापडली की त्या चित्रातल्या तोफांच्या खिडक्या मोजून काही सिद्ध होत नाही, कारण खिडक्यांची रांग दोन ठोकळ्यांत दोन हातांनी कोरलेली असू शकते. ठशाखाली बारीक अक्षरांत 'छायाचित्रावरून' लिहिले आहे की 'आमच्या चित्रकाराच्या रेखाटनावरून' हे अवश्य वाचावे. पहिल्या प्रकारात जहाजाचा आकार साधारण भरवशाचा असतो आणि समुद्र, धूर, होड्या, माणसे मनाने भरलेली असतात. दुसऱ्या प्रकारात काहीही होऊ शकते. १८६२ च्या वसंतात उत्तरेकडच्या साप्ताहिकांनी व्हर्जिनियाची जी रूपे छापली, त्यांतली काही तर ऐकीव वर्णनावरून काढलेली होती. दुर्दैवाने पुनर्मुद्रण करताना नेमकी ही खालची ओळच कापली जाते.

खरे छायाचित्र असेल तर ते बहुधा ओल्या कोलोडियनच्या, म्हणजे चिकट रसायनाचा ओला थर दिलेल्या, काचेवर घेतलेले असते. ही पद्धत १८५१ पासून आली आणि कोरड्या प्लेटा रुळेपर्यंत, म्हणजे १८७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत, तिचेच राज्य होते. प्रकाश काही सेकंद द्यावा लागे. त्यामुळे त्या काळातली जवळजवळ सगळी चांगली चित्रे नांगरलेल्या किंवा गोदीत उभ्या जहाजांची आहेत. भर समुद्रात शिडे फुगवून धावणारे १८६५ चे जहाज दोरखंडांसकट लख्ख आले असेल, तर ते रंगचित्राचे छायाचित्र समजावे. दाट काळा धूर आणि आकाशात ठळक ढग हीदेखील शंकेची जागा; कोलोडियनवर आकाश बहुतेक कोरे पांढरे येते आणि धूर नंतर ब्रशने घालत.

या प्लेटेचा दुसरा स्वभाव नाव ठरवणाऱ्याला जास्त त्रास देतो. तिला निळा आणि जांभळा प्रकाशच काय तो दिसतो. निळा रंग फिका येतो; लाल, नारिंगी आणि पिवळा काळपट येतात. ब्रिटिश जहाजांची फिकट पिवळी धुरांडी अशा चित्रात बरीच गडद दिसतात, आणि 'धुरांडे काळे आहे' एवढ्यावरून काही ठरवणारा फसतो. सगळ्यात नेमके उदाहरण मिसिसिपी नदीवरच्या सात भगिनी जहाजांचे आहे : केरो, कॅरन्डेलेट, सिनसिनाटी, लुइव्हिल, माउंड सिटी, पिट्सबर्ग आणि सेंट लुइस. जेम्स ईड्सने बांधलेली, १७५ फूट लांब, ५१ फूट रुंद, तिरक्या भिंतींची, धुरांडी दोन आणि तीही शेजारी-शेजारी. सातही इतकी सारखी, की ओळखीसाठी प्रत्येकीच्या धुरांड्यांवर वेगळ्या रंगाचा पट्टा काढला होता. सिनसिनाटीचा निळा होता, कॅरन्डेलेटचा लाल. प्रत्यक्ष नदीवर उभ्या माणसाला हा फरक लांबून कळत असेल. कोलोडियनवर लाल पट्टा काळ्या धुरांड्यात विरघळतो आणि निळा जवळजवळ पांढरा येतो. म्हणून चित्रात फिका पट्टा दिसला तर लाल, नारिंगी आणि पिवळ्या पट्ट्यांच्या बहिणी आपोआप मागे पडतात. पट्टाच दिसला नाही, तर 'पट्टा नव्हता' असे मात्र म्हणता येत नाही.

ध्वजांनाही हेच लागू. १८६४ पर्यंत ब्रिटिश नौदलाची जहाजे आपापल्या तुकडीप्रमाणे लाल, पांढरा किंवा निळा ध्वज लावत. त्या वर्षी तुकड्या मोडल्या आणि सगळ्या युद्धनौकांना पांढरा ध्वज मिळाला. चित्रात ध्वजाचे मैदान गडद असेल तर तो लाल, म्हणजे चित्र बहुधा १८६४ च्या आधीचे. मैदान फिके असेल तर मात्र तो पांढरा की निळा हे सांगता येत नाही. अमेरिकी ध्वजावरचे तारे ४ जुलै १८६१ पासून ३४, १८६३ पासून ३५ आणि १८६५ पासून ३६ झाले, हे खरे असले तरी फडफडणाऱ्या कापडावर ते मोजण्याचा नाद करू नये; लहान होड्यांवर तर मुद्दाम १३ ताऱ्यांचा ध्वज लावत. रंगचित्रांत मात्र ध्वज चांगला चोर पकडून देतो. दक्षिणेचा पांढऱ्या मैदानाचा राष्ट्रध्वज १ मे १८६३ ला स्वीकारला गेला. व्हर्जिनिया त्याच्या वर्षभर आधी जळून गेली होती. ज्या चित्रात हॅम्पटन रोड्सला तिच्यावर तो ध्वज आहे, ते चित्र नंतर आणि ऐकीव माहितीवर काढलेले आहे.

चित्र उलटे तर नाही ना, हेही इथेच पाहून घ्यावे. पत्र्यावरची छायाचित्रे मुळातच आरशासारखी उलटी असतात, काचेची प्लेट चुकीच्या बाजूने छापली जाऊ शकते, आणि एका छापील ठशावरून दुसरा कोरला की तो उलटा उतरतो. जहाज डावी-उजवीकडे बहुधा सारखेच असल्याने त्याच्याकडे पाहून हे कळत नाही; डेकवरच्या माणसांकडे पाहावे. अधिकाऱ्याची तलवार डाव्या कमरेला असते आणि पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते.

आता जहाज. शिडे आणि डोलकाठ्या आधी डोळ्यांत भरतात, पण विश्वास त्यांच्यावर सगळ्यात शेवटी ठेवावा. ज्या गोष्टी बदलायला जहाज कापावे लागते त्या आधी पाहाव्यात : नाळेचा (जहाजाच्या पुढच्या टोकाचा) आकार, पाण्यावरची बाजूची उंची, तोफांच्या खिडक्यांची संख्या आणि अंतर, बुरुजांची संख्या, धुरांड्यांची जागा.

बाजूच्या रांगेत तोफा असलेल्या पहिल्या पिढीत फ्रान्सची ग्लोआर सर्वात जुनी. द्युप्वी द लोम याने तिचा आराखडा केला आणि २४ नोव्हेंबर १८५९ रोजी तुलाँ येथे ती पाण्यात उतरली. लाकडी सांगाडा, त्यावर सुमारे १२० मिलिमीटर लोखंड, एक धुरांडे, आखूड आणि बसकी. तिच्या उत्तरादाखल ब्रिटनने २९ डिसेंबर १८६० ला वॉरियर उतरवली. टोकापासून टोकापर्यंत ४२० फूट, साडेचार इंच लोखंडामागे १८ इंच सागवान, आणि हे चिलखत फक्त मधल्या २१३ फुटांना. दोन्ही टोके उघडी. वॉरियर आणि तिची बहीण ब्लॅक प्रिन्स यांची नाळ पुढे झुकलेली, क्लिपर जहाजासारखी, टोकाला कोरीव मूर्ती, धुरांडी दोन. डिफेन्स आणि रेझिस्टन्स या त्यांच्या लहान चुलत बहिणींना धुरांडे एकच आणि नाळ पाण्याखाली पुढे आलेली, टक्कर मारण्याची. एवढ्या दोन खुणांवर या चौघींची विभागणी होते. तरीही डिफेन्सच्या चित्राखाली वॉरियर लिहिलेले सर्रास सापडते, कारण नावाजलेले नाव वॉरियरचे.

वॉरियरचे चित्र लाकडी फ्रिगेटपासून वेगळे काढायचे असेल तर खिडक्यांमधले अंतर पाहावे. लाकडी जहाजाच्या खिडक्या दाटीने असतात आणि पुष्कळदा पांढऱ्या पट्ट्यात काळ्या झडपा दिसतात. वॉरियरची बाजू सलग काळी आणि खिडक्या एकमेकींपासून ऐसपैस लांब. दोन मजल्यांवर तोफा असलेली चिलखती जहाजे जगात दोनच झाली, फ्रान्सची माजेंता आणि सोल्फेरिनो, दोन्ही १८६१ मध्ये पाण्यात उतरलेल्या. त्यांना पाण्याखाली पुढे आलेली टोकदार लोखंडी चोच होती; खिडक्यांच्या दोन रांगा दिसल्या पण चोच नाही, तर ते बहुधा लाकडीच जहाज. माजेंता १८७५ मध्ये तुलाँला स्फोट होऊन गेली, म्हणून तिच्यावर पुढची तारीख घालता येत नाही.

धुरांड्यांत दोन सापळे आहेत. वॉरियरसारख्या जहाजांची धुरांडी दुर्बिणीच्या नळीसारखी खाली ओढून घेता येत, कारण शिडांवर जाताना ती आड येत. तेव्हा बुटके धुरांडे ही जहाजाची खूण नव्हे, त्या दिवसाची खूण. दुसरे, शेजारी-शेजारी असलेली दोन धुरांडी अगदी बाजूने पाहिली तर एकच दिसतात. नदीवरच्या त्या सात बहिणींची एकधुरांडी म्हणून नोंद झालेली चित्रे याच कारणाने. स्टिरिओ कार्ड (किंचित वेगळ्या कोनांतली दोन चित्रे शेजारी चिकटवलेला पुठ्ठा) असेल तर दोन्ही अर्ध्या चित्रांची तुलना करावी. एका अर्ध्यात धुरांड्याची कड जराशी रुंद दिसली तर मागे दुसरे आहे.

बुरुजांच्या जहाजांकडे वळू. या प्रकाराला जिच्यावरून नाव पडले ती, एरिक्सनने आखलेली मॉनिटर ३० जानेवारी १८६२ ला ब्रुकलिनमध्ये पाण्यात उतरली आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला केप हॅटेरसजवळ बुडाली. म्हणजे तिच्या चित्राला अकरा महिन्यांचीच खिडकी. बुरूज आतून २० फूट व्यासाचा, ९ फूट उंच, एक इंची प्लेटचे आठ थर. तिची मुख्य खूण बुरुजात नाही, बाहेर आहे : सुकाणूधारकाची लोखंडी कोठडी बुरुजापासून लांब, नाळेजवळ डेकवर होती. हॅम्पटन रोड्सला व्हर्जिनियाशी लढताना तिच्यावरच गोळा बसला, म्हणून नंतर तिच्या उभ्या भिंतींना उतार दिला गेला. उभ्या भिंतींची कोठडी म्हणजे मार्च १८६२ चे रूप, उताराची म्हणजे त्यानंतरचे. जुलै १८६२ मध्ये जेम्स गिब्सनने जेम्स नदीवर तिच्या डेकवर घेतलेली छायाचित्रे आहेत. त्यांत बुरुजावर गोळ्यांचे खळगे स्पष्ट दिसतात.

पुढच्या पसायक वर्गात ही कोठडी बुरुजाच्या डोक्यावर गेली. दहा जहाजे तशी झाली आणि 'मॉनिटर' म्हणून छापली जाणारी बहुतेक चित्रे त्यांची किंवा त्यानंतरच्या कॅनॉनिकस वर्गाची आहेत. बुरुजावर बुटका डबा दिसला की ती १८६२ च्या लढाईतली मॉनिटर नव्हे, यात शंकेला जागा नाही. पसायक आणि कॅनॉनिकस यांत फरक करायचा तर तोफेच्या तोंडाकडे पाहावे. पसायकच्या बुरुजात १५ इंची तोफेला खिडकी अपुरी होती, तोफ आतल्या आतच डागावी लागे. कॅनॉनिकसमध्ये खिडकी मोठी करून तोंड बाहेर काढता येऊ लागले. दोन्ही जाड तोंडे बाहेर डोकावत असतील तर कौल कॅनॉनिकसकडे. मात्र तोफा आत ओढलेल्या असतील तर ही खूण मुकी राहते. दोन बुरूज आणि जेम्स नदी असेल तर प्रथम ओनोंडागाचा विचार करावा. तीन बुरूज त्या युद्धात एकाच जहाजाला होते, जुन्या फ्रिगेटवर बांधलेल्या रोनोकला.

ब्रिटिश बुरूजनौकांत कॅप्टन आणि मोनार्क यांची अदलाबदल होते. दोघींना दोन बुरूज, दोघींना शिडे. कॅप्टनच्या डोलकाठ्या तिवईसारख्या तीन पायांच्या होत्या, त्यामुळे बाजूला दोरखंडांच्या शिड्या दिसत नाहीत. आणि तिची बाजू पाण्यावर जेमतेम साडेसहा फूट. आराखड्यात ती आठ फूट होती, बांधताना वजन वाढले आणि जहाज खाली बसले. मोनार्कची बाजू १४ फूट. कॅप्टन मार्च १८६९ मध्ये पाण्यात उतरली आणि ७ सप्टेंबर १८७० ला मध्यरात्रीनंतर फिनिस्टेअरजवळ वादळात उलटली. वादळातल्या कॅप्टनचे 'छायाचित्र' कुणी दाखवलेच तर पुढे बोलायचे कारण उरत नाही.

सर्बेरस, मॅग्डाला आणि ॲबिसिनिया या ब्रिटिश किनारा-रक्षक नौका एका साच्यातल्या. पहिली मेलबर्नसाठी, दुसऱ्या दोन मुंबई बंदरासाठी. मध्ये चिलखती कठडा, त्याच्या दोन टोकांना दोन बुरूज, शिडे नाहीत. सर्बेरस आणि मॅग्डाला यांना फक्त पोहोचण्याच्या प्रवासापुरत्या डोलकाठ्या बसवल्या होत्या. तीन डोलकाठ्यांची मॅग्डाला दिसली तर चित्र १८७०-७१ च्या त्या सफरीच्या आसपासचे, किंवा त्यावरून काढलेले.

डोलकाठ्यांवर भरवसा का नाही, ते यावरून कळावे. ग्लोआरची शिडे सुरुवातीला कमी होती, पुढे वाढवली. अमेरिकी न्यू आयर्नसाइड्स तीन डोलकाठ्या घेऊन निघाली आणि चार्ल्सटनसमोर लढताना तिच्यावर फक्त खुंट उरले होते. एकाच जहाजाची ही दोन रूपे दोन जहाजे म्हणून छापली जातात. ब्रिटिश अकिलीझला आधी चार डोलकाठ्या होत्या, नंतर तीन. पाच डोलकाठ्या मात्र मिनोटॉर, एजिनकोर्ट आणि नॉर्थम्बरलँड या तिघींनाच, आणि त्यांतही नॉर्थम्बरलँडच्या पुढे तीनच राहिल्या. म्हणजे जास्तीची डोलकाठी पुरावा ठरू शकते. नसलेली डोलकाठी कधीच नाही.

डोळ्यांनी निकाल लागत नसेल आणि जहाजाचा आराखडा हाती असेल, तर मोजमापाची एक युक्ती कामाला येते. तिरप्या कोनातून घेतलेल्या चित्रात अंतरे आखडतात, त्यामुळे लांबी-उंचीचे साधे प्रमाण काढण्यात अर्थ नसतो. पण एका रेषेतल्या चार बिंदूंचे एक गुणोत्तर कुठल्याही कोनातून तेच राहते. नाळ, पुढची डोलकाठी, धुरांडे आणि मधली डोलकाठी हे सगळे जहाजाच्या मध्यरेषेवर असतात. त्यांना अ, ब, क, ड म्हणू; अक म्हणजे अ ते क हे अंतर, तसेच बाकीचे. अक ला बड ने गुणावे, बक ला अड ने गुणावे, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागावे. उदाहरणापुरते आकडे घेतो. आराखड्यात नाळेपासून ब ८० फुटांवर, क १७० वर, ड २२० वर असेल, तर १७० गुणिले १४० भागिले (९० गुणिले २२०), म्हणजे १.२०. चित्रात तीच अंतरे ३४.५, ६३.४ आणि ७६.४ मिलिमीटर आली, तर दिसायला प्रमाण पार बिघडलेले आहे, पण ६३.४ गुणिले ४१.९ भागिले (२८.९ गुणिले ७६.४) पुन्हा १.२० च येते. मोजताना कठड्याच्या वरच्या कडेलगत एकच सरळ रेघ आखावी आणि सगळे बिंदू तिच्यावर घ्यावेत. डोलकाठ्या मागे कललेल्या असतात, म्हणून रेघ जितकी खाली तितकी चूक कमी. याच कारणाने पुढे झुकलेल्या नाळेचा बिंदूही रेघ जिथे तिला छेदते तिथलाच घ्यावा, टोकाचा नाही. इतक्या लहान चित्रात एका मिलिमीटरची चूक उत्तर ०.०२ पर्यंत हलवते, म्हणून जहाज निदान २०० मिलिमीटर लांब दिसेल एवढे मोठे करून मोजावे. उत्तरात ०.०५ पेक्षा जास्त तफावत आली तर ते जहाज नव्हे. तफावत नसली तर फक्त 'असू शकते' एवढेच म्हणावे, कारण भगिनी जहाजांचे उत्तर सारखेच येणार. कोरीव ठशांवर हे गणित करू नये.

काळाची चौकट चित्राबाहेरच्या खुणांवरूनही बसते. अमेरिकेत १ सप्टेंबर १८६४ ते १ ऑगस्ट १८६६ या काळात विकल्या जाणाऱ्या छायाचित्रांवर कर होता आणि पाठीमागे महसुली तिकीट चिकटवत. तिकीट असेल तर ती प्रत त्या दोन वर्षांत विकली गेली. चित्र त्याआधी कधीही घेतलेले असू शकते. जहाजाची मालकी बदलली असेल तर आणखी चांगले. बोर्दो येथे १८६४ मध्ये पाण्यात उतरलेले एक जहाज स्फिंक्स म्हणून सुरू झाले, डेन्मार्कसाठी स्टारकॉडर झाले, दक्षिणेकडे स्टोनवॉल, जपानकडे कोतेत्सु आणि १८७१ नंतर अझुमा. पुढे आलेली प्रचंड चोच, दोन डोलकाठ्या आणि मागे न फिरणारा बुरूज हे पाचही नावांखाली तेच राहिले. नाव ध्वजावरून आणि जागेवरूनच ठरते. वॉशिंग्टनच्या गोदीतले चित्र १८६५ च्या आसपासचे, म्हणजे स्टोनवॉल. त्याखाली कोतेत्सु लिहिणे जहाज म्हणून बरोबर आणि चित्र म्हणून चूक.

चित्राखालच्या ओळीबद्दल एक सूचना. जहाजाचे नाव पक्के नसेल तर वर्गाचे नाव द्यावे : 'पसायक वर्गातील मॉनिटर, १८६३ ते १८६५ दरम्यान'. त्यात कमीपणा नाही. छायाचित्र, ठसा की रंगचित्र हा शब्द मात्र नेहमी हवा. आणि संगणकाने रंगवलेल्या किंवा 'स्पष्ट केलेल्या' प्रती कृपया छापू नयेत. त्यांत रिव्हेटांच्या रांगा, गोल खिडक्या आणि दोरखंड असे भरलेले असतात जे मूळ काचेवर कधी नव्हते, आणि ओळख पटवण्यासाठी आपण नेमके तेच मोजायला जातो. सात बहिणींच्या धुरांड्यांवर असा कार्यक्रम कुठला पट्टा काढेल, त्याचा नेम नाही.

वाचकांपैकी कुणाकडे अशी जुनी चित्रे असतील आणि ती आपल्याकडे पाठवायची असतील, तर मूळ छायाचित्र ६०० डीपीआय किंवा त्याहून जास्तीवर, करड्या छटांत नव्हे तर रंगीत स्कॅन करावे. डाग आणि ब्रशने घातलेला धूर रंगातच वेगळा पडतो. पुठ्ठ्याच्या चारही कडा चित्रात याव्यात. मागची बाजू कोरी वाटली तरी तिचेही स्कॅन घ्यावे, कारण पुसट पेन्सिलीचे अक्षर आणि निघून गेलेल्या तिकिटाचा चौकोनी डाग तिरप्या उजेडात दिसतो. छापील पानावरचे चित्र असेल तर ३०० डीपीआय पुरे. त्यापुढे फक्त छपाईचे ठिपके मोठे होतात. पान फाडून चित्र वेगळे करू नये, त्याच पानाच्या मागच्या मजकुरात अंकाची तारीख मिळून जाते.

आपला,
एक वाचक